रिमोटला लावलेलं कुंकू

दसऱ्याच्या बैठकीत आई-बापाची वाटणी करायची, हे माझं आणि माझ्या धाकट्या भावाचं, बद्रीचं, फोनवरच ठरलं होतं. 'वाटणी' हा शब्द अर्थात आम्ही दोघांनीही तोंडातून काढला नाही. आम्ही 'सोय' म्हणालो. शिकलेल्या माणसाला असे शब्द वेळेवर सुचतात. मी तर पाटबंधारे खात्यातला इंजिनिअर. धरणात चिखल दिसायला लागला तरी 'साठा समाधानकारक' असं लिहायचा हात बसलेला.

सोय अशी होती. तात्या माझ्याकडं शहरात राहतील, कारण त्यांच्या डोक्यातल्या तारांचे डॉक्टर जालना रोडवर बसतात. आणि बाई, म्हणजे आमची आई, गंगापूरच्या बाजूला गावी बद्रीकडं जाईल, कारण बद्रीची बायको दिवसभर अंगणवाडीवर आणि घरी शेळ्या, पोरं, चूल सगळं उघड्यावर.

"बाईला गावाकडं करमतं भाऊ," बद्री म्हणाला.

"आणि तात्यांना इथं दवाखाना जवळ," मी म्हणालो.

दोघंही खरं बोललो. फक्त ते खरं आम्हालाच सोयीचं होतं. त्यात त्या वर्षी परतीच्या पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. गावातली विहीर दसऱ्यालाच तळाला गेलेली. इकडं शहराच्या कडेचा आमचा सातारा परिसर महापालिकेत गेला तेव्हा चौकाचौकात पाट्या लागल्या, नळ मात्र आले नाहीत. बायपासपर्यंत इमारतींवर इमारती उठत होत्या आणि सगळ्यांच्या दाराशी टँकर. पाटबंधारे खात्याचा साहेब सकाळी गॅलरीत उभा राहून टँकरची वाट बघतोय, हे बघून कॉलनीतली पोरं हसायची. मीही हसायचो. दुसरं काय करणार?

आता तात्यांच्या मशीनबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

तात्यांना कंपवात. कप उचलला की अर्धा चहा धोतरावर. दोन वर्षांपूर्वी पुण्यात ऑपरेशन करून डोक्यात तारा बसवल्या आणि गळ्याच्या हाडाखाली, छातीच्या कातडीत, काडेपेटीएवढी डबी. डबीला बाहेरून हुकूम द्यायला एक रिमोट. तो छातीवर त्या डबीपाशी धरायचा आणि बटण दाबायचं. डॉक्टरांनी दोन नंबर लावून दिले होते, एकाच बटणावर आलटून-पालटून. एक नंबरवर हात शांत, पाय सरळ, पण जीभ जड, बोललेलं तोंडातल्या तोंडात राहायचं. दोन नंबरवर बोलणं स्वच्छ, पण उजवा हात पुन्हा हलायला लागायचा. दोन्ही सुखं एकदम नाहीत.

"कधी कोणता नंबर लावायचा, ते पेशंटनं ठरवायचं," असं डॉक्टरांनी बजावलं आणि रिमोट तात्यांच्या हातात दिला. दवाखान्याच्या लिफ्टपर्यंत तो त्यांच्या हातात होता. मग मी म्हणालो, "द्या इकडं तात्या, पडंल."

तेव्हापासून रिमोट माझ्याकडं, कपाटावर, आणि तात्या कायमचे एक नंबरवर. आपला चहा आपण पितात, आपली बटणं आपण लावतात, आणि बोलत नाहीत. असा बाप लाखात एकाला मिळतो. जन्मभर ज्यांचा आवाज ऐकून मळ्यातले बैल वळायचे, ते आता आमच्या सोफ्यावर चकार शब्द न काढता बसलेले. मी कॉलनीत सांगून ठेवलं होतं, "वडील मितभाषी आहेत." लोकांना वाटलं मुके आहेत, मला सांगता येईना की मुके नाहीत, मी ठेवलेत.

एकदा तर मशीन चालू आहे ना ते बघायला मी घाईत टीव्हीचाच रिमोट त्यांच्या छातीला लावला. काही होईना म्हणून सेल बदलले. तात्या खांदे हलवून हसत होते. मला वाटलं, त्रास होतोय.

तर दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, बाईनं देव्हाऱ्यापुढं हत्यारांची पूजा मांडली. आमच्या घरात हत्यारं कसली? गावाकडून आणलेला विळा, नळाचा पाना, माझी मोजपट्टी, वैजयंताचा, म्हणजे माझ्या बायकोचा, मिक्सर. आणि मधोमध, प्लॅस्टिकचं कव्हर काढून, तात्यांचा रिमोट. बाईनं त्याला हळद लावली, ओलं कुंकू बटणाबटणावर दाबून लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, पळीनं पाणी शिंपडलं.

"बाई, रिमोटला कशाला?" वैजयंतानं विचारलं.

"ह्याच्यावर माझा मानूस चालतो," बाई म्हणाली. "ह्याच्याहून मोठं हत्यार कोन्तं गं?"

विजेच्या वस्तूवर पाणी शिंपडलं जातंय हे एका इंजिनिअरनं डोळ्यांनी पाहिलं. त्यानं काय केलं? फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली नमस्काराचे हात.

दसऱ्याला सकाळीच बद्री आला, आंब्याचे डहाळे आणि आपट्याच्या पानांचा भारा घेऊन. खुलताबादहून आवडाआत्या आली, तात्यांची धाकटी बहीण. आत्या आली की आमच्याकडं कोरम पूर्ण होतो. पुरणपोळ्या झाल्या, पान झालं आणि मी घसा साफ केला.

"तात्या, बाई, आम्ही दोघांनी जरा तुमच्या सोयीचं बघितलं..."

बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती. तात्या सोफ्यावर ताठ, हात मांडीवर स्थिर. माझं सांगून झालं तशी आत्या म्हणाली, "म्हंजी दादा हितं आन् वैनी तिथं?"

"कायमचं नाही आत्या. हवापालट."

"ह्या वयात कसला हवापालट? दोगं बी हवाच हायत आता."

पण आत्या बद्रीच्या बाजूची होती, कारण बद्री तिला वर्षाची ज्वारी पोचवतो. त्यामुळं एवढं बोलून ती सुपारी कातरायला लागली. वैजयंता माझ्या बाजूची होती. म्हणजे सकाळपर्यंत होती. बाई भांडी घासताना पाणी सोडून ठेवते यावरून दोघींचं रोज वाजायचं, आणि बाई गावी गेली तर टाकी दोन दिवस जास्त पुरेल, हा तिचाच हिशेब. पण बैठकीत बसल्या बसल्या तिच्या चेहऱ्यावर दुसराच हिशेब उमटायला लागला. तिनं मला नंतर सांगितलं तो असा: मी शाळेत शिकवायला गेल्यावर तात्यांच्या आंघोळीचं पाणी कोण काढतं? बाई. गोळ्या? बाई. आणि हा माझा नवरा? हा पेपर वाचतो.

"मी काय म्हणते," ती म्हणाली, "बाईंना राहू द्या की इथंच."

मी तिच्याकडं बघतच राहिलो. बद्री उसळला. "वैनी, आसं कसं? मंग माझ्याकडं कोन?"

बद्री माझाच भाऊ, त्याच्या पोटातलं मला कळतं. त्याला आईची माया होती, नाही असं नाही. पण सकाळी शेळ्यांमागं धावताना ती माया जास्त दाटून यायची. तसा मीही सद्गदितच होतो.

"तुला आई पाहिजे का मोलकरीण?" मी म्हणालो.

"आन् तुमाला बाप पायजेल का सोकेसमधला बाहुला?"

हे जरा लागलं. मी तात्यांकडं वळलो. तात्या पुढं झुकले होते. ओठ हलत होते. "स... रू... म्म..." एवढंच आलं.

"बघा," मी सगळ्यांना म्हणालो, "तात्या म्हणतायत, तुम्ही म्हणाल तसं."

बाईनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. तिला कळलं होतं ते काय म्हणाले. पण मोठ्या पोरापुढं कशाला बोला, म्हणून ती गप्प. तेवढ्यात खाली हॉर्न वाजला.

"साब! पाइप लाओ जल्दी! आगे लोगां खडे हैं!"

टँकर. आई-बापाची वाटणी एका बाजूला आणि टँकर एका बाजूला. आम्ही सगळे जिन्यावरून धडाधडा खाली. मी पाइप घेऊन, बद्री टाकीचं झाकण उचलायला, वैजयंता बादल्या घेऊन. बाईसुद्धा हंडा घेऊन निघाली. जिला गावी पाठवायचं चाललं होतं तीच बाई आमचं पाणी भरायला आमच्यापुढं पळत होती, आणि यात कुणाला काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

वर राहिले तात्या आणि गुडघ्यांनी बेजार झालेली आत्या. पुढचं आत्यानं सांगितलेलं. दर वेळी ती त्यात थोडी भर घालते, पण मूळ धागा हा:

तात्यांनी छातीवर बोट ठेवलं आणि मग देव्हाऱ्याकडं दाखवलं. आत्याला वाटलं, दादाच्या छातीत दुखतंय. ती घाबरली, देव्हाऱ्यातला अंगारा आणून त्यांच्या कपाळाला लावला. तात्यांनी मान हलवली, पुन्हा बोट. आत्यानं खोबऱ्याचा तुकडा आणला. पुन्हा बोट. मग तिनं झेंडू चिकटलेला तो रिमोटच आणला. "ह्यो का रे दादा? ह्यो टीवीचा हाय न्हवं?"

तात्यांनी तो घेतला. हात अगदी स्थिर. छातीवरच्या डबीशी धरला आणि अंगठा दाबला. बारीक 'टीं' झालं. आत्या कमरेला, उशीखाली, सुपारीच्या डब्याखाली आपला चष्मा शोधायला लागली. तात्यांचा हात हळूहळू मांडीवर हलायला लागला, आणि आवाज आला.

"आवडे, चष्मा तुझ्या कपाळावर हाय."

आत्यानं तिथंच गळा काढला. खाली आम्हाला वाटलं, तात्या गेले. मी हातातला पाइप टाकून वर पळालो. मागं टँकरवाल्याच्या शिव्या, आणि अर्धं पाणी कॉलनीच्या रस्त्यावर.

"बस सोमा," तात्या म्हणाले. "पँट पिळून बस. सोफा नवा हाय."

मी खाली फरशीवर बसलो. बद्री दारातच थबकला. वैजयंता, तिच्यामागं हंडा कमरेवर तसाच धरून बाई. दोन वर्षांनी तो आवाज घरात आला होता. जरा घोगरा झाला होता, पण तोच.

"दोन वर्सं तू माझं भाषांतर करतूस," तात्या मला म्हणाले. "लई झाक करतूस. मी म्हन्लो भाजीत मीठ नाय, तू म्हन्लास तात्यांना जेवन आवडलं. मी म्हन्लो मला गावाकडं जाऊन यायचंय, तू म्हन्लास तात्यांना झोप आली. मघा बी मी हिचं नाव घेतलं, 'सरू' म्हन्लो. तू म्हन्लास, तुमी म्हनाल तसं. साहेबा, एवढ्या लहान बोलन्याचं एवढं मोठं भाषांतर कुठं शिकलास?"

बद्री फिसकन हसला.

"तू हासू नको बद्री. तुला चुलीवर बाई पायजे आन् ह्याला दवाखान्याला न्यायला बाप पायजे, आसं का? म्हातारीला तिकडं धाडून मला हितं ठिवनार. ठिवा. पन मंग मी कोनासंगं गप बसू?"

त्यांचा उजवा हात आता जोरात हलत होता, सोफ्याच्या हातावर टकटक वाजत होता. मला ते बघवेना. खरं म्हणजे ऐकवेना, पण माणूस आपल्याला बघवत नाही असंच म्हणतो.

"तात्या, त्रास होतोय तुम्हाला," असं म्हणून मी रिमोट उचलला, त्यांच्या छातीला लावला आणि बटण दाबलं.

बटण दबलेलंच होतं. वर येईचना. त्याच्या कडेनं वाळलेलं कुंकू खपलीसारखं धरलेलं. तात्यांनी दाबलं ते आत जाऊन रुतून बसलं होतं. मी नखानं उचकटलं. काडेपेटीची काडी घातली, ती आत मोडली. बद्रीनं माझ्या हातातून घेऊन फुंकर मारली आणि तळहातावर दोनदा आपटला.

"आपट, आपट," तात्या म्हणाले. "क्रिकेट लागंल त्याच्यावर."

बाईच्या कमरेवरचा हंडा खाली आला. "म्या काल कुंकू लावलं त्येला. पानी बी शिंपडलं. माझ्याच हातानं वाटुळं झालं गं माय!" ती मटकन बसली आणि रडायला लागली.

"सरू, रडू नको. काय बी वाटुळं झालं नाय." तात्या तिच्याकडं वळले. मग म्हणाले, "तुला जायचंय का गावाला?"

आम्हाला जन्मात ऐकल्याचं आठवत नाही की तात्यांनी बाईला काही विचारलं. ते सांगायचे. विहिरीची जागा, सोयरीक, कापूस कधी वेचायचा, सगळं सांगायचे. बाईलाही सवय नव्हती. ती इकडंतिकडं बघायला लागली, जणू प्रश्न दुसऱ्या कुणाला होता.

"मला काय इचारता? पोरं म्हनतील तसं."

"पोरं नाय. तू."

बाईनं पदरानं नाक पुसलं. "मला जायचं नाय," ती म्हणाली. "म्या म्हन्नार व्हते, ह्यांचा हात कोन धरंल म्हनून जायचं नाय. पन ते खोटं हाय. मशीन बसल्यापास्नं ह्यांचा हात कोनी धराया लागत नाय. कप बी आपला आपन उचलत्यात. मला रातंदिस वाटायचं, आता ह्यांना माझं काय काम? धाडतील तिकडं जाईन. पन मला करमायचं नाय. ह्यांच्याबिगर मलाच करमायचं नाय."

आत्यानं पुन्हा गळा काढला. वैजयंता आत निघून गेली, चहा टाकायला, आणि आत नाक ओढल्याचा आवाज आला. मी त्या फरशीवर ओल्या पँटीत बसून होतो. मला फार लाज वाटली. दोन वर्षं एक माणूस आपल्यामुळं गप्प होता, आणि एक बाई आपण रिकामी झालो म्हणून झुरत होती, आणि मी रोज संध्याकाळी पेपर वाचून म्हणत होतो, सगळं कसं छान चाललंय.

"मंग ठरलं," तात्या म्हणाले. "दोगं एकीकडं. हितं का तिथं ते तुमी भांडून ठरवा, भांडन तर जमतंच तुमाला."

"पाऊस पडूस्तर हितं ऱ्हावा," बद्री खाली मान घालून म्हणाला. "तिकडं प्यायाला बी टँकरच हाय. पाऊस झाला की न्यायला येतो, दोगांला बी." मग राहवेना म्हणून हळूच, "पन तात्या, पोरांच्या भाकरी..."

"माझा हात हलतोय बाबा. तुझा तर धड हाय ना?"

चहा आला. तात्यांनी सवयीनं कप धरायला हात पुढं केला आणि बशीभर सांडला. बाई उठली, त्यांच्याशेजारी बसली, त्यांच्या हातावर आपला हात ठेवून कप तोंडाशी नेला. दोघांचे हात मिळून थोडे हलले. चहा संपला.

संध्याकाळी कॉलनीतले लोक सोनं द्यायला आले. तात्या दारात खुर्चीवर. आपट्याची पानं हातात पडली की हलून खाली जायची, म्हणून बाईनं आपली ओंजळ खाली धरलेली. आणि तात्या एकेकाला नावानं विचारत होते. दोन वर्षं सोफ्यावर बसून त्यांनी कॉलनीतला प्रत्येक माणूस ऐकून ठेवला होता. शेजारच्या कडुबा अण्णांना म्हणाले, "गुडघा कसा हाय? लिंबाखाली पाय घसरला व्हता ना?"

कडुबा अण्णा हातातली पानं घेऊन माझ्याकडं वळले. "साहेब, हे बोलतात?"

"बोलतात," मी म्हणालो. "ऐकत मीच नव्हतो."

दसऱ्यानंतर दवाखाना उघडला तसा मी रिमोट घेऊन गेलो. तिथल्या मॅडमनी तो उघडला, पुसला, काडीचा तुकडा बाहेर काढून माझ्यापुढं ठेवला आणि विचारलं, "हे लाल काय आहे?" मी म्हणालो, "घरगुती वापर." दुसरं काही सुचलं नाही.

घरी आलो आणि हात आपोआप कपाटावर गेला, जुन्या जागी. तसाच थांबलो. मग सोफ्याशी जाऊन रिमोट तात्यांच्या हलत्या तळहातावर ठेवला.

"पडंल की," तात्या म्हणाले.

"पडू द्या."

त्यांनी दोन्ही हातांनी तो छातीशी धरला, एक नंबर लावला आणि खिशात टाकला. हात शांत झाला. मग उठले, बाईकडं बघून मान हलवली आणि जिना उतरून खालच्या दारापर्यंत आपल्या पायांनी गेले. बाई मागून गेली. खालच्या पायरीवर दोघं शेजारी बसले, टँकर येतो त्या रस्त्याकडं तोंड करून, दिवेलागणीपर्यंत, गप्प.